विठाबाईंचा तंबू



मागच्या भीमजयंतीला आमच्या वस्तीत मी भाषण ठोकलं. तमाशा हा आपल्या समाजावरचा डाग होता, तो पुसला गेला याचा अभिमान बाळगा, असं मी म्हणालो. टाळ्या पडल्या. पुढच्या सतरंजीवर माझी आजी बसली होती. तिनं टाळी वाजवली नाही. रात्री जेवताना ती एवढंच बोलली, "त्या डागावरच तुझी आई वाढली, बाबा."

आजी तमाशात होती हे आमच्या घरात कुणी बोलत नाही. लग्नाच्या बोलण्यात तर अजिबात नाही. मला माहीत होतं, पण माहीत नसल्यासारखं मी वागत आलो. त्या रात्री घास गिळेना. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे, तेव्हा तिसरी पाळी होती. रात्रभर तुटलेले धागे जोडत राहिलो आणि डोक्यात एकच प्रश्न : जिचा घाम मी डाग म्हणून मोजला, तिचा पगार कुणी मोजला होता का?

मग मी तमाशाचा इतिहास वाचायला घेतला. मिळेल ते वाचलं, कळत नव्हतं ते आजीला विचारलं. त्यातून एका बाईची कारकीर्द माझ्यासमोर उभी राहिली. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. तुम्ही म्हणाल, त्यात नवीन काय, विठाबाई सगळ्यांना माहीत आहेत. थांबा. आपल्याला नाचणाऱ्या विठाबाई माहीत आहेत. मला फड चालवणाऱ्या विठाबाईंबद्दल बोलायचंय. तंबू, ट्रक, कर्ज आणि माणसं अंगावर घेऊन गावोगाव फिरणाऱ्या मालकिणीबद्दल.

आधी ती गोष्ट, जी प्रत्येकजण सांगतो. विठाबाईंचे दिवस भरले होते. तरी त्या बोर्डावर होत्या. खेळ रंगात असताना कळा सुरू झाल्या. त्या मागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचून तोडली, कंबर आवळली आणि परत नाचायला उभ्या राहिल्या. पुढारी ही गोष्ट सांगतात आणि लोक टाळ्या वाजवतात. कलेची निष्ठा म्हणतात. मीही टाळ्या वाजवल्यात.

आता गिरणीतला माणूस म्हणून विचार करा. आमच्या खात्यात एखादी बाई साच्यावर बाळंत झाली आणि तासाभरानं परत साच्यावर उभी राहिली, तर आपण टाळ्या वाजवू? गेट अडवू. मॅनेजरला घेराव घालू. मग तंबूतल्या बाईच्या वेळी आपले हात टाळीसाठी का उठतात? ती मागं गेली तेव्हा पडद्यापुढं तिकीट काढलेली माणसं बसली होती. खेळ मोडला तर पब्लिक खुर्च्या मोडतं, तंबू फाडतं, गल्ला परत मागतं. गल्ला गेला तर शंभर पोटांची उद्याची भाकरी गेली. ती एकाच वेळी मजूर होती आणि मालकीणही. तिला रजा कोण देणार? रजेचा अर्ज तिनं कुणाकडं करायचा?

हे समजायला फड म्हंजे काय ते समजायला पाहिजे.

विठाबाईंचा जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. विठ्ठलाच्या गावात झाली म्हणून विठा. घराणं मांगाचं. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो गाजवला. भाऊ-बापू मांग नारायणगावकर हे त्या फडाचं नाव. नीट वाचा, दोस्तांनो. जात पाटीवर आहे. गावकुसाबाहेर जी जात माणसाला पाणी मिळू देत नव्हती, तीच जात मोठ्या अक्षरात रंगवून फड गावात शिरायचा, आणि ती पाटी बघून पाटलाची पोरं तिकिटाला रांग लावायची. रात्री टाळ्या आणि सकाळी पुन्हा विटाळ. ही पाटी विठाबाईंनी पुढं आपल्या नावाला लावली. झाकली नाही. आमच्या घराच्या दारावर आडनाव बदलून लावलंय, म्हणून हे मला जास्त लागलं.

फडाचं वर्ष आपल्या वर्षासारखं जानेवारीत सुरू होत नाही. दसऱ्याला फड बाहेर पडतो, वैशाखापर्यंत फिरतो. पावसाळ्यात सगळं बंद. पण खर्चाची सुरुवात पावसाळ्यातच होते. ढोलकीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या बाया, गाणारे, पेटीवाला, तंबू ठोकणारे, आचारी, ड्रायव्हर, मोठ्या फडात अशी शंभर-दीडशे माणसं असतात. त्यांना हंगामाआधी उचल द्यावी लागते. उचल म्हंजे आगाऊ पैसे. उचल दिली नाही तर चांगला सोंगाड्या दुसरा फड गाठतो. मालकाकडं तेव्हा पैसा नसतो. तो सावकाराकडं जातो. सावकाराचं व्याज दसऱ्याच्या आधीच धावायला लागतं. म्हंजे पहिल्या गावात पहिली मेख ठोकायच्या आधी फड कर्जात असतो.

मग दोन तऱ्हेचे खेळ. एक तंबूतला, कनात लावून तिकिटावर. यात सगळा धोका फडाचा. अवकाळी पाऊस आला, गावात मयत झाली, शेजारच्या गावात दुसरा फड लागला, की गल्ला रिकामा. आजी सांगते, "इठाबाईचा तंबू शेजारच्या गावाला लागला म्हणलं की आमचा मालक डोस्क्याला हात लावून बसायचा." दुसरा खेळ जत्रेतला, सुपारीचा. गाव पैसे देतं, लोक फुकट बघतात. चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या या सुपाऱ्यांवर वर्षाचा हिशेब जुळतो. त्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावला, पाडव्याच्या आधीपासून फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, राहुटीत बसून घासाघीस करतात, आकडा ठरतो, इसार मिळतो.

आता या राहुटीत बसलेली बाई डोळ्यांपुढं आणा. समोर गावचे पुढारी. त्यांनी तिला बोर्डावर नाचताना पाहिलंय आणि आता तिच्याशी व्यवहार करायचाय. त्यातल्या कितीजणांची नजर व्यवहारावर राहत असेल? तरी आकडा तिनं पाडून घ्यायचा नाही. कारण तिच्यामागं उचल घेतलेली शंभर माणसं उभी आहेत. रात्री गण, गौळण, बतावणी, मग वग, तो उजाडेपर्यंत. सकाळी तंबू उतरवून ट्रकवर, पुढचं गाव, पोलीस ठाण्यात परवाना, कनात उभी, सैपाक, पुन्हा रात्र. शहरातल्या नाटकाच्या निर्मात्याला गाडी असते, व्यवस्थापक असतो, आणि रंगमंचावर तो स्वतः क्वचितच जातो. ही बाई निर्माती, व्यवस्थापक, मुख्य नटी आणि आई होती. चारी कामं एकाच अंगावर.

आता मूळ मुद्द्याला येतो. बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात होते. त्या वर्षी गिरण्या-कारखान्यांतल्या बायांना बाळंतपणाची मदत द्यावी असं एक बिल आलं. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा देऊन भाषण केलं. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे सगळ्या देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याचा बराचसा बोजा सरकारनं उचलावा, पण जो बाईच्या श्रमावर नफा कमावतो त्या मालकालाही सुटता येणार नाही, असंही त्यांनी मांडलं. १९२९ साली मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. विठाबाई जन्मायच्या सहा वर्षं आधी.

म्हंजे ज्या काळात मुंबईतल्या गिरणीत साच्यावरच्या बाईला कायद्यानं बाळंतपणाचे पैसे लागू झाले, त्याच मुंबईत, लालबाग-परळच्या त्याच गिरणी कामगारांपुढं नाचणाऱ्या बाईला काहीच नव्हतं. कामगार तिकीट काढून येत होता. त्याच्या पगाराला युनियन होती. त्याच्या बायकोला हळूहळू कायदा मिळत होता. बोर्डावरची बाई कुणाच्याच मस्टरवर नव्हती. १९६१ साली देशाचा कायदा आला. बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामाला लावायचं नाही, असं त्यात लिहिलं होतं. १९७३ साली त्यात दुरुस्ती झाली आणि घोड्यांचे, कसरतीचे आणि इतर खेळ करून दाखवणाऱ्या ठिकाणच्या बायाही त्यात आल्या. सर्कशीसाठी ती दुरुस्ती होती. इतर खेळ हे शब्द वाचले तेव्हा मी उठून बसलो. म्हटलं, मग तमाशा?

मी आजीला विचारलं. माझी आई १९७६ सालची, चैत्रातली, ऐन सुपाऱ्यांच्या दिवसांतली. कायदा बदलून तीन वर्षं झाली होती. आजी म्हणाली, "आठव्या दिशी चाळ बांदलं. उचल फिटायची व्हती. मालक म्हणला, बस की म्हैनाभर, पर उचल पुडच्या साली डबल धरीन. मंग काय बसती?" तिच्या फडात हजेरीपट नव्हता. नेमणुकीचा कागद नव्हता. उचलीचा आकडा तेवढा मालकाच्या वहीत होता. ज्या बाईचं नाव कुठंच नोंदलेलं नाही, तिच्यापर्यंत कायदा पोचणार कुठून? आणि विठाबाई तर स्वतः मालकीण. कायदा मालकाकडून मजुराला देतो. जी दोन्ही आहे, तिच्यासाठी त्यात ओळच नाही.

मी काही विठाबाईंना देवी करायला बसलेलो नाही. देव्या आपण सोडल्यात. फडमालक म्हंजे उचल देऊन माणूस बांधून घेणारा. आजीला बांधणारा मालकही आपल्यातलाच होता, आणि त्याला बांधणारा सावकार गावातला. त्या साखळीत प्रत्येकजण खालच्याचा मालक आणि वरच्याचा कूळ. मोठ्या फडाची मालकीणही या साखळीतून सुटलेली नव्हती. तंबू तिच्या नावावर होता, पण हंगाम सावकाराच्या नावावर होता. एवढं ध्यानात घेतलं की तिची कारकीर्द नीट दिसायला लागते.

आता आपल्या चळवळीबद्दल. हे बोलायला जड जातं, पण बोलायला पाहिजे.

पठ्ठे बापूरावांचं नाव सगळ्यांना ठाऊक. श्रीधर कुलकर्णी, ब्राह्मण, तमाशात आला म्हणून कौतुक. त्यांच्या फडात पवळा नाचायची. हिवरगाव पावसाची, महाराची मुलगी. लोक पवळेला बघायला लोटायचे आणि नाव बापूरावांचं व्हायचं. महाडच्या सत्याग्रहाच्या काळातली एक हकिकत आपल्यात सांगतात : बापूराव चळवळीला तमाशाच्या उत्पन्नातून देणगी द्यायला आले आणि बाबासाहेबांनी ती नाकारली. आमच्या बायांना नाचवून मिळवलेला पैसा नको, हा त्यातला अर्थ. मला हा नकार पटतो. तो नकार नाचवणाऱ्याला होता. आपण मात्र पुढं तो नाचणारीवर ढकलला. पैसा घेणारा सुटला आणि पाय दुखवून घेणारी कलंक ठरली.

आपल्या जलशांनी तर दुसरी वाट दाखवली होती. सत्यशोधकांनी आधी आणि मग भीमराव कर्डकांसारख्या आंबेडकरी शाहिरांनी तमाशाचाच साचा घेतला. ढोलकी तीच, सवाल-जवाब तेच. गौळण काढून टाकली, बाईचा बाजार काढून टाकला, आणि वस्तीवस्तीत समतेचा खेळ लावला. तो मोठा पराक्रम आहे. पण जलसा आला म्हणून तमाशातल्या बाईची उचल फिटली नाही. आपण तिला सोडून ये म्हणालो. आल्यावर खायचं काय, हे सांगायला कुणी गेलं नाही. आणि ती मांगाची असेल तर आणखीच लांबची. खरं सांगा, आपल्या या पानांवर मांगाच्या बाईवर आजवर किती लिहिलं गेलं? महार आणि मांग यांच्यामधली भिंत आपण मनुस्मृतीबरोबर जाळली नाही. ती घरात ठेवली.

वरच्यांनी काय केलं तेही बघा. स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबई सरकारनं अश्लील म्हणून तमाशावर बंदी घातली. ओरड झाल्यावर उठवली, पण वग आधी लिहून सरकारला दाखवा, तपासून घ्या, अशी अट आली. ज्यांना अक्षर शिकू दिलं नव्हतं, त्यांना संहिता आणा म्हणाले. आणि तोच बाज शहरातल्या नाट्यगृहात गेला, तीच बतावणी, तोच सोंगाड्या, तेव्हा त्याला लोकनाट्य हे अब्रूदार नाव मिळालं. १९६५ साली आलेलं 'विच्छा माझी पुरी करा' घराघरातली माणसं हसत बघायला गेली. मलाही ते आवडतं. पण एकाच खेळाला नाट्यगृहात कला म्हणायचं आणि तंबूत चाळे म्हणायचं, हा न्याय मला ओळखीचा वाटतो.

विठाबाईंना मान मिळाले. १९५७ साली राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला, १९९० साली पुन्हा मिळाला. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी त्या सीमेवर जाऊन जवानांपुढं नाचल्या. देशाला गरज पडली तेव्हा मांगाची बाई चालली. मग वय झालं, अंग थकलं. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या. दवाखान्याचं बिल लोकांच्या वर्गणीतून भागवावं लागलं. दोनदा राष्ट्रपतींनी गौरवलेली, आयुष्यभर शेकडो माणसांना पगार वाटलेली बाई, आणि तिच्या शेवटच्या बिलाला वर्गणी. २००६ पासून सरकार तिच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. चांगलं आहे. ज्यांना मिळतो त्यांना मिळू द्या. पण गिरणीत तीस वर्षं काम केलेल्याला प्रॉव्हिडंट फंड मिळतो, त्याच्यासाठी कुणाच्या हातून शाल घ्यावी लागत नाही. हक्क आणि सत्कार यातला हा फरक आहे. हा फरक बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलाय.

हे जुनं झालं असं समजू नका. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभर टाळेबंदी सुरू झाली तो हाच दिवस. म्हंजे ज्या आठवड्यात नारायणगावच्या राहुट्यांत वर्षाचा आकडा ठरतो, त्याच आठवड्यात सगळं बंद. जत्रा नाहीत, सुपाऱ्या नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. उचली दिलेल्या होत्या, व्याज चालू होतं. आमच्या गिरणीलाही कुलूप लागलं होतं, पण निदान गेटवर नोटीस तरी लागली. तंबूतल्या माणसाला नोटीस लावायला गेटसुद्धा नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. विठाबाईंची नाळेची गोष्ट पुन्हा सांगाल तेव्हा टाळी मागू नका. तिथं थांबा आणि विचारा, त्या रात्री खेळ बंद का करता आला नाही? गल्ला कुणाला द्यायचा होता? व्याज किती होतं? ही गोष्ट शौर्याची असेल, पण आधी ती मजुरीची आहे. तमाशातली बाई कला सोडून आली तरच ती आपली, असं नाही. ती आहे तिथं कामगार आहे. तिचं नाव मस्टरवर, उचलीवर व्याज नाही, बाळंतपणाची रजा, म्हातारपणाची पेन्शन, हे चळवळीचं मागणं झालं पाहिजे.

आणि तोवर एक काम आपल्या हातात आहे. प्रत्येकाच्या वस्तीत एखादी म्हातारी असेल, जी विचारल्याशिवाय बोलणार नाही. जा, तिच्याजवळ बसा. ती महाराची का मांगाची का कोल्हाट्याची, ते बघू नका. कोणत्या साली कोणत्या फडात, उचल किती, फिटली कधी, लेकरं कुठल्या गावात झाली, कितव्या दिवशी पुन्हा उभी राहिली, सगळं वहीत लिहून घ्या. फडमालकाच्या वहीत तिचं फक्त कर्ज लिहिलंय. तिचं काम आपल्या वहीत लिहिलं पाहिजे.

मी सुरुवात केलीय. शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर आजीचं नाव लिहिलं, तर ती म्हणाली, "माज्या नावाखाली फडाचं नाव नको घालूस." मी बरं म्हणालो. थोड्या वेळानं म्हणाली, "गावं घाल." आणि तिनं एकेक गाव सांगायला सुरुवात केली. पहाटे माझ्या पाळीचा भोंगा झाला तेव्हा सतरा गावं झाली होती आणि ती अजून त्याच हंगामात होती.

येत्या भीमजयंतीला मी पुन्हा बोलणार आहे. मागच्या वर्षीचं भाषण चुकलं होतं, इथूनच सुरुवात करणार आहे. आजीला पुढं बसायला सांगितलंय. येते का बघू.